मातीला आग किती? पुद्दुचेरी आणि ऑरोव्हिलमधले दिवस

भारतातल्या समकालीन सिरॅमिक कलेचा विचार करताना बडोदा, दिल्ली आणि शांतिनिकेतन यांच्या बरोबरीने पुद्दुचेरीचे नाव घ्यावेच लागते. आज देशभरात नाव असलेले कितीतरी स्टुडिओ-कुंभार इथे शिकून गेले आहेत, आणि शेजारच्या ऑरोव्हिल या आंतरराष्ट्रीय वसाहतीत मातीपासून भांडी, शिल्पे, चित्रे आणि अख्खी घरे करून पाहणारी माणसे गेली अनेक वर्षे शेजारीशेजारी काम करत आली आहेत. माझी नणंद आणि मी पुण्यात हौसेने मातीकाम करतो, त्यामुळे हे सगळे एकदा सलग पाहावे, असे मनात होते. प्रवासाला एकच प्रश्न बरोबर घेतला होता: इथले लोक मातीला किती आग देतात आणि का देतात?

पुण्याहून थेट जाणारी चालुक्य एक्स्प्रेस आठवड्यातून काही दिवसच असते. तेवढे पाहून आरक्षण केले, की प्रवासात सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. पुद्दुचेरीत पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो, म्हणून आम्ही जानेवारीचा पहिला आठवडा निवडला. पोंगल जवळ आला, की कार्यशाळा आणि दुकाने काही दिवस बंद राहतात. म्हणून जाणाऱ्यांनी एकतर महिन्याच्या आरंभीच जावे किंवा सण उरकल्यावर जावे.

पहिला दिवस: अरिकमेडूची खापरे

समकालीन कलेसाठी गेलेल्या माणसाने सुरुवात पुरातत्त्वापासून का करावी, असे कुणी विचारील. पण या किनाऱ्यावर मातीचे प्रयोग नवे नाहीत, हे आधी डोळ्यांनी पाहिले, की पुढचे सगळे नीट कळते. पुद्दुचेरीच्या दक्षिणेला सुमारे चार किलोमीटरवर अरियनकुप्पम नदीच्या काठी अरिकमेडू हे प्राचीन बंदर आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 मध्ये इथे उत्खनन केले, तेव्हा इटलीतल्या अरेझो भागातल्या लाल, चकचकीत भांड्यांची खापरे आणि मद्याच्या निमुळत्या रांजणांचे तुकडे त्यांना सापडले. या आयात भांड्यांचा काळ माहीत असल्यामुळे त्यांच्याबरोबर सापडलेल्या स्थानिक वस्तूंचाही काळ ठरवता आला, आणि दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासाला एक पक्का खुंटा मिळाला.

प्रत्यक्ष जागेवर आता आंब्याची झाडे, जुन्या फ्रेंच इमारतीच्या विटांच्या भिंती आणि शांतता एवढेच आहे. म्हणून आधी गावातले सरकारी संग्रहालय पाहावे आणि मग अरिकमेडूला जावे. आम्ही तसेच केले. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. तिथे राखाडी-काळ्या रंगाच्या एका पसरट थाळीचा तळ आहे. तो अगदी पातळ आहे, आणि त्याच्यावर एकात एक वर्तुळांमध्ये बारीक, पाचराच्या आकाराचे ठसे उमटवलेले आहेत. ओलसर थाळी चाकावर फिरत असताना तिच्यावर दातेरी चक्री किंवा लवचीक पाते टेकवले, की असे ठसे एकापाठोपाठ उमटत जातात. हाताचा दाब जिथे किंचित वाढला, तिथे ठसा खोल गेला आहे, आणि वर्तुळ पूर्ण होताना शेवटचे दोन ठसे एकमेकांवर चढले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिराचा हात त्या जागी स्पष्ट दिसतो.

अशी ठसेदार भांडी भूमध्यसागराकडून आली असावीत, असे आधी मानले जात असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाने मातीतली खनिजे तपासून 1997 मध्ये मांडले, की या मातीचे नाते बंगालमधल्या चंद्रकेतुगढ–तामलुक परिसराशी जुळते. भांडे कुठले हे त्याच्या आकारावरून ठरवण्यापेक्षा त्याच्या मातीला विचारावे, हा धडा पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेने दिला होता, ही गोष्ट त्या कपाटापुढे उभे असताना फार आनंद देऊन गेली.

संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर गरम सुंडल खाल्ले. उकडलेले हरभरे, ओले खोबरे, कढीपत्ता आणि कैरीचे तुकडे असा तो साधा पदार्थ आहे, पण खाऱ्या वाऱ्यात त्याची चव वेगळीच लागते.

दुसरा दिवस: गोल्डन ब्रिजचा वारसा

रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या दोघा अमेरिकनांनी 1971 मध्ये पुद्दुचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरा स्मिथ यांना जपानी भाषा येत होती आणि जपानमधल्या कुंभारांच्या कामाचा जवळून परिचय होता. मीकर यांनी आधी वास्तुशास्त्राचे आणि मग सिरॅमिकचे शिक्षण घेतले होते. या भागातल्या कुंभारांचे काम तोपर्यंत कमी तापमानाला भाजलेल्या लाल मातीचे होते. ती भांडी पाणी झिरपू देतात, आणि म्हणूनच माठातले पाणी गार राहते. गोल्डन ब्रिजमध्ये मात्र 1200 ते 1300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या स्टोनवेअरचे काम सुरू झाले. इतक्या उष्णतेत मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो, कणाकणांतल्या फटी बुजतात आणि भांडे न झिरपणारे, टणक बनते.

या दोघांनी शिकवायला सुरुवात केल्यावर इथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी देशभर आपापल्या भट्ट्या उभारल्या, आणि भारतीय स्टुडिओ पॉटरीची एक मोठी फांदी इथूनच फुटली. गावात 'पाँडिचेरी पॉटरी' या नावाने मिळणाऱ्या निळ्या-तपकिरी कपबशांच्या मागेही हीच परंपरा आहे. दुकानांतला माल एकसारखा नसतो. घेताना भांडे उलटे करून पायाची कड पाहावी. तिथे ग्लेझ म्हणजे काचेसारखी झिलई नसते, त्यामुळे मूळ माती दिसते. कड घट्ट व गुळगुळीत असेल आणि टिचकीला खणखणीत आवाज येत असेल, तर भाजणी पुरेशी झाली आहे, असे समजावे. कार्यशाळांना भेट द्यायची असेल तर आधी फोन करून परवानगी घ्यावी, कारण या काम करण्याच्या जागा आहेत आणि चाकावर बसलेल्या माणसाला प्रत्येक पाहुण्यासाठी उठणे परवडत नाही.

एका छोट्या कार्यशाळेत आम्हाला असा प्रवेश मिळाला. तिथले वयस्कर कारागीर राखेचे ग्लेझ गाळत होते. चुलीतली लाकडाची राख पाण्यात कालवून, चाळून, वरचे खारट पाणी ओतून देऊन खालचा गाळ वाळवायचा, आणि मग त्यात माती व फेल्स्पार हे खनिज मिसळायचे, अशी ती कृती आहे. राखेतला चुना भट्टीत मातीला वितळायला मदत करतो. भाताच्या तुसाच्या राखेत मात्र सिलिका भरपूर असते, त्यामुळे तिच्यापासून दुधाळ पांढरी झिलई मिळते. तामिळनाडूच्या भातगिरण्यांतून जे फेकले जाते, ते इथे कुंभाराच्या बादलीत येते, आणि हे पाहून नणंद म्हणाली, "आपण ग्लेझचे डबे मागवतो ना हैदराबादहून, ते सगळं बंद."

तिसरा दिवस: विलियनूर, पाऊस आणि अय्यनारचे घोडे

पुद्दुचेरीच्या पश्चिमेला सुमारे दहा किलोमीटरवर असलेले विलियनूर हे टेराकोटासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या कामाला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, आणि इथलेच व्ही. के. मुनुसामी यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. समकालीन कलेच्या चर्चेत अशा गावांना सहसा 'परंपरा' या कप्प्यात टाकून पुढे जातात. मला ते पटत नाही. पाच-सहा फूट उंचीचा पोकळ घोडा न तडकता भाजून काढणे हे आजही अवघड तांत्रिक काम आहे, आणि ते करणारा माणूस प्रत्येक वेळी नव्याने प्रयोग करत असतो.

रिक्षावाल्याने आम्हाला ज्या अंगणात नेले, तिथे पोंगलची मडकी चालली होती. चाकावर बसलेला मुलगा नुसते तोंड, गळा आणि जाड भिंतीचे बूड नसलेले नळकांडे काढून बाजूला ठेवत होता. खरे मडके घडवत होती त्याची आई. सावलीत थोडे सुकलेले ते नळकांडे तिने मांडीवर घेतले, डाव्या हातात आतून गोल दगड धरला आणि उजव्या हातातल्या लाकडी थापीने बाहेरून थापटायला सुरुवात केली. प्रत्येक ठोक्याला भिंत थोडी पातळ होत होती आणि तळाचे भोक थोडे लहान होत होते. दगडावर ती अधूनमधून राख लावी, म्हणजे तो ओल्या मातीला चिकटत नसे. शेवटी रुपयाएवढे भोक उरले, ते तिने दोन ठोक्यांत मिटवले आणि मडके माझ्या हातात दिले. सांधा कुठे आहे, हे मला बोटांनी शोधूनही सापडले नाही.

तेवढ्यात आभाळ अचानक भरून आले. जानेवारीत पाऊस येणार नाही या भरवशावर आम्ही छत्र्या नेल्या नव्हत्या, आणि अंगणभर कच्ची मडकी वाळत पडली होती. शेजारच्या घरांतून बायका-मुले धावली, आम्हीही हात लावला, आणि दोन्ही हातांत एकेक मडके घेऊन सगळ्यांनी ती पडवीत नेली. तरी काही बाहेर राहिली. दहा मिनिटांच्या सरीने त्यांच्या कडा ढासळल्या आणि ती पुन्हा चिखल झाली. मला फार वाईट वाटले. त्या अम्मा मात्र शांतपणे म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याने त्याचे मोडक्या हिंदीत भाषांतर केले, "वाया कुठे गेली? उद्या परत मळेन." कच्च्या मातीला परतीची वाट असते, भाजल्यावर तिच्यातले बांधीव पाणी निघून जाते, आणि मग ती कितीही भिजवली तरी पुन्हा मऊ होत नाही. पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास घडणारा हा बदल मी पुस्तकात वाचला होता, त्या अंगणात तो समजला.

पाऊस थांबल्यावर गावाबाहेरच्या अय्यनारच्या देवराईत गेलो. अय्यनार हा गावाची राखण करणारा देव. रात्री त्याने घोड्यावरून गस्त घालावी, म्हणून नवसाचे मातीचे घोडे त्याला वाहतात. नव्या रंगवलेल्या घोड्यांच्या मागे जुने, शेवाळलेले, मान तुटलेले घोडे तसेच उभे असतात. त्यांची डागडुजी कुणी करत नाही. आपल्याकडे बेंदराला मातीचे बैल पुजतात, ती भावना इथे माणसाएवढ्या उंचीला पोचलेली आहे. देवराईत चपला बाहेर काढाव्यात आणि पुजाऱ्याला विचारल्याशिवाय फोटो घेऊ नयेत.

चौथा दिवस: ऑरोव्हिल, आग न लावलेली माती

28 फेब्रुवारी 1968 ला ऑरोव्हिलची स्थापना झाली, तेव्हा 124 देशांतून आणलेली मूठमूठ माती संगमरवराने मढवलेल्या कमळकळीच्या आकाराच्या कलशात एकत्र ठेवली गेली. तो कलश मातृमंदिर या ध्यानमंदिराजवळच्या खुल्या रंगमंडलात आहे. बाकी सगळीकडे इथली स्वतःची तांबडी माती आहे. ती आपल्या जांभ्याची नातलग, लोहाने भरलेली, कपड्यांवरून न जाणारी आहे. पांढरे कपडे नेऊ नयेत. सायकल किंवा स्कूटर भाड्याने मिळते आणि अंतरे पाहता ती घ्यावीच.

1989 मध्ये स्थापन झालेली ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूट या मातीला भट्टीत न घालता तिच्या विटा करते. चाळलेली माती, वाळू आणि साधारण पाच टक्के सिमेंट थोड्या पाण्यात कालवून हाताने चालवायच्या यंत्रात दाबतात, आणि मग त्या विटा चार आठवडे ओल्या ठेवून पक्क्या होऊ देतात. गावठी भट्टीतल्या विटेच्या तुलनेत हिला दहापट कमी ऊर्जा लागते, असे संस्था सांगते. सुहासिनी अय्यर यांनी रचलेले इथले व्हिजिटर्स सेंटर याच विटांचे आहे. त्याच्या कमानींखाली बसून आम्ही जेवलो, आणि भर दुपारी पंख्याशिवाय तिथे बसवत होते, हे मुद्दाम लिहिते.

इथे येणाऱ्या मराठी वाचकाने आणखी एक नाव लक्षात ठेवावे. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे.जे.मध्ये वास्तुशास्त्र शिकलेल्या अनुपमा कुंडू 1990 मध्ये ऑरोव्हिलला आल्या. 2000 साली पूर्ण झालेल्या त्यांच्या 'वॉल हाउस'मध्ये त्यांनी जवळच्या गावांत भाजल्या जाणाऱ्या पातळ विटा आणि कुंभारांनी केलेल्या मातीच्या पोकळ नळ्या वापरल्या. नळ्या एकमेकींत अडकवून कमानीचे छत उभे राहते. लोखंड वाचते, मधल्या पोकळीमुळे ऊन अडते आणि गावच्या कुंभाराला काम मिळते. हे राहते घर आहे, म्हणून परवानगीशिवाय तिथे जाऊ नये.

संध्याकाळी एका दालनात आदिल रायटर यांची कामे पाहायला मिळाली. मुंबईचे, शिक्षणाने वास्तुविशारद असलेले रायटर हे गोल्डन ब्रिजमध्ये शिकले आणि ऑरोव्हिलच्या मंडला पॉटरीत काम करतात. भट्टीत भाजलेल्या शिल्पांबरोबरच ते कॅनव्हासवर न भाजलेली माती आणि अ‍ॅक्रिलिक वापरून मोठी चित्रे करतात. जवळ गेल्यावर त्यांतले मातीचे जाड थर, भेगा आणि खरवडल्याच्या खुणा दिसतात. सिरॅमिक म्हणजे भाजलेली माती, ही व्याख्या घेऊन पाहणाऱ्याला हे काम अडचणीत टाकते. माझ्या मते व्याख्येने इथे माघार घ्यावी, कारण मातीच्या स्वभावाची एवढी जाण भट्टीशी आयुष्य घालवलेल्या माणसाखेरीज दुसऱ्याला येणार नाही.

पाचवा दिवस: भाजलेले घर आणि भट्टीची रात्र

रे मीकर यांनी 1980 च्या दशकात केलेला प्रयोग या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इराणी वास्तुविशारद नादेर खलीली यांच्या कामावरून प्रेरणा घेऊन त्यांनी कच्च्या विटांची घुमटांची आणि कमानींची घरे बांधली, आत कच्च्या विटा, कौले आणि इतर माल रचला, दारे-खिडक्या बुजवल्या आणि घरालाच भट्टी करून कित्येक दिवस-रात्र जाळ घातला. एरवी भट्टीतली सुमारे 40 टक्के उष्णता तिच्या भिंतीच पिऊन टाकतात आणि ती वाया जाते. इथे तीच उष्णता भिंती पक्क्या करते. आतला माल विकून जळणाचा खर्च भरून काढायचा, असा त्यामागचा हिशेब होता. कुंडू यांनी 2008 च्या सुमारास पुद्दुचेरीत 'व्होलोंटारिया' या संस्थेसाठी निराधार मुलांची घरे याच तंत्राने बांधली.

असे एक घर आम्हाला बाहेरून पाहायचे होते. राहणाऱ्या बाईंनी आपण होऊन आत बोलावले. भिंतीचा रंग एकसारखा नव्हता. जाळाच्या तोंडाजवळ विटा करड्या-जांभळ्या झाल्या होत्या, दूरच्या कोपऱ्यात फिकट नारिंगी राहिल्या होत्या, आणि त्यांवरून हात फिरवताना आग कुठून कशी गेली, ते वाचता येत होते. सौंदर्याच्या दृष्टीने इतके प्रामाणिक घर मी दुसरे पाहिलेले नाही. तरी आदल्या दिवशी न भाजलेल्या विटा पाहून आलेल्या मला लाकडाच्या हिशेबाचा विचार टाळता आला नाही. एवढे जळण सर्वांच्या घरांसाठी कुठून आणणार, हा प्रश्न उरतोच. पण प्रयोगाने एक गोष्ट कायमची दाखवून दिली आहे: भांडे आणि घर यांच्यामध्ये तंत्राची भिंत नाही.

त्या रात्री एका स्टुडिओत लाकडाची भट्टी लागली होती, आणि पाळी करायला माणसे कमी असल्यामुळे आमचे आनंदाने स्वागत झाले. शिकाऊ मुलांमध्ये रत्नागिरीकडची एक मुलगी निघाली. मराठी ऐकताच ती धावत आली. "काकू, तुम्ही आमच्याकडचा जांभा हातात घेऊन पाहिलाय? मी घरून पिशवीभर आणलाय, कुटून, गाळून ग्लेझ केलंय. आज त्याची परीक्षा." जांभ्यात लोह आणि अल्युमिना मुबलक, नुसता तो सहजी वितळत नाही, म्हणून तिने त्यात सुरूच्या लाकडाची राख आणि फेल्स्पार घातले होते. भट्टीत हवा कमी पडली, की ज्योत मातीतल्या आणि ग्लेझमधल्या लोहाकडून ऑक्सिजन ओढून घेते आणि रंग बदलतात. आपल्याला तांबडा दिसणारा जांभा तिथे काळपट तपकिरी व्हावा, अशी तिची अपेक्षा होती.

सुरूची वाळलेली फाटी दर काही मिनिटांनी टाकायची, धुराड्यातून वर येणारी ज्योत पाहायची आणि ती आत गेली, की पुन्हा टाकायची, असे पहाटेपर्यंत चालले. मधे कुणीतरी केळीच्या पानात बांधलेला लिंबूभात आणि थर्मासमधली फिल्टर कॉफी वाटली. पहाटे गडद चष्मा लावून तिने मला झरोक्यातून आत पाहायला सांगितले. पांढऱ्या उजेडात, ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे मापक-शंकू ओळखू येत होते. एक पूर्ण वाकून पायाशी टेकला होता, दुसरा नुकता झुकू लागला होता. भट्टी पाहायला मिळाली तर सुती कपडे आणि बंद बूट घालावेत, केस बांधावेत, आणि झरोक्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

शेवटचा शंकू वाकल्यावर तोंडे लिंपून भट्टी बंद केली. ती निवायला दोन-तीन दिवस लागतात, आणि आमची गाडी त्याआधीच होती. विकत घेतलेली भांडी आम्ही वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून, कपड्यांत गुंडाळून सीटखाली ठेवली. एकात एक घालून बांधू नयेत, धक्क्याने आतल्याची कड जाते.

घरी आल्यावर त्या मुलीचा फोन आला. जाळाकडच्या बाजूला जांभ्याचे ग्लेझ काळे, तकतकीत उतरले होते आणि कडेला तांबूस झाक आली होती. मागच्या ओळीतल्या वाट्यांवर मात्र ते वितळलेच नव्हते, खरखरीत राहिले होते. पुढच्या खेपेला ती राख वाढवणार आहे आणि त्याच वाट्या जाळाच्या पुढे ठेवणार आहे. मी तिला सासवडकडची तांबडी माती पाठवते आहे. दोन्ही शेजारी लावून पाहू, असे ठरले आहे.